केशरबाईच्या गाठी

"सहा भोकं, सहा सुरुंग," मुनवर म्हणाला. केशरबाईनं सुतळीला सहा गाठी मारल्या आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरल्या. त्यानं बोटानं चाचपून मान हलवली.

मुनवर सुरुंगवाला पट्टीचा, पण बारूद उडवून उडवून त्याचे कान पार गेले होते. वाती पेटवून तो विहिरीतून वर यायचा. धडाके किती झाले ते दुसऱ्यानं सांगायचं. दर धडाक्याला एक गाठ सोडायची. गाठ उरली, तर त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. कारण वात कधी कधी आतल्या आत धुमसत राहते आणि मग तिच्या सवडीनं सुरुंग उडतो.

ही रीत केशरबाईच्या नवऱ्याची, हरिबाची. काम झाल्याबिगर गाठ सोडायची न्हाय, हे त्याचं बोलणं. केशरबाईला अक्षराची ओळख नव्हती, पण ही विद्या तिनं घरात नेली. पहाटे उठली की दिवसाची कामं पदराच्या काठाला बांधायची. टँकरचं पाणी, कामावर मिळणारी सुकडी सासूला भरवायची, शेजारच्या सकिनाबीची चाळण परत द्यायची. काम झालं, गाठ सुटली. दुष्काळी कामावरच्या बाकीच्या बाया कपाळाला हात लावून बसलेल्या असायच्या, तोवर हिचं सगळं उरकलेलं असायचं.

"केशरे, सासूला जेवाय घालायची बी गाठ मारतीस व्हय?" बाया चिडवायच्या.

"दुसकाळात माणूस माणसाला इसरतंय बाई," ती म्हणायची. "गाठ इसरू देत न्हाय."

एक गाठ मात्र पदराच्या टोकाला सालभर तशीच होती. मळून काळी पडलेली, खड्यासारखी घट्ट. दुसरं लुगडं होतं कुठं बदलायला? हरिबाची आठवण असेल म्हणून कुणी विचारत नसे.

हरिबा ह्याच विहिरीत गेला. त्या दिवशी गाठी राखायला मुकादम आबाराव होता. एक सुरुंग उडायचा राहिला होता आणि हरिबा उतरला. वर काढला तेव्हा धुगधुगी होती. बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून दोन शब्द पुटपुटला आणि संपला. आबारावनं पोलीस जमादाराला सांगितलं, "म्या वरडत हुतो, उतरू नगं. ऐकलं न्हाय त्यानं." तसंच कागदावर गेलं. पुढं आबारावनंच कणव येऊन गाठी राखायचं काम केशरबाईला दिलं. उन्हात खडी फोडण्यापेक्षा बरं. ती त्याच्या पाया पडली होती.

आणि एवढं खरं, की तेव्हापासून त्या विहिरीत कुणाचं नखसुद्धा मोडलं नाही. दोनदा गाठ उरली, दोनदा तिनं सगळ्या माणसांना काठावर अडवून धरलं. दिवस वाया गेला म्हणून आबाराव करवादला, पण ती हटली नाही. "माझ्यावानी आनखी कुणाचं कपाळ मोकळं व्हाया नगं," एवढंच म्हणाली.

आज आबाराव खुशीत होता. काल सांजच्याला तळाच्या खडकाला ओल फुटली होती. सालभराच्या खोदाईनंतर पहिलं पाणी. त्या पाण्याला नारळ फोडायचा मान त्यानं स्वतःकडं घेतला होता. नारळ मुद्दाम कळंबच्या बाजारातून आणवला होता, आणि दुपारी काम बघायला साहेब यायचे होते.

"एरवी तुमी खाली उतरत न्हाय, मुकादम," केशरबाई म्हणाली.

"आज उतरनार. गंगा आली म्हनल्यावर पयला मान माझा. पोरंटोरं येऊन गर्दी करायच्या आत नारळ फोडतो."

तिनं पदराच्या टोकाची काळी गाठ चाचपली.

"ओल हाय, केशरबाई," मुनवर म्हणाला. "ओलीत वात दगा देती. बराबर ऐक."

"ऐकते, भाई," तिनं हातानं खूण करून सांगितलं.

तिनं लाल फडकं काठीला लावून वर उभं केलं. माणसं लांब, बांधापल्याड गेली. फडकं खाली आलं की मगच यायचं, हे ठरलेलं. मुनवर वाती पेटवून वर आला आणि तोही बांधाकडं पळाला. आबाराव मोठ्या दगडाच्या आडोशाला तिच्या शेजारी बसला. नेहमीसारखे दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून, डोळे मिटून. धडाक्याला तो लई भ्यायचा.

धडाके सुरू झाले. पायाखाली जमीन हादरत होती, वरून खडे पडत होते. केशरबाईची बोटं सुतळीवर चालत होती. मग सगळं थांबलं आणि नुसता धुरळा उरला.

आबारावनं डोळे उघडले. "झाले?"

तिनं सुतळी त्याच्या पुढं धरली. सुतळीला एकही गाठ नव्हती.

"समदे उडाले," ती म्हणाली. "उतरा."

तो नारळ घेऊन दोराला धरून खाली गेला. फडकं अजून वरच होतं.

मुनवरला धडाका ऐकू आला नाही. बांधामागं त्याच्या पायाखालची माती तेवढी हलली.

सांजच्याला जमादार सायकलवरून आला. केशरबाई मान खाली घालून बसली होती.

"पाचच उडालं हुतं, सायेब," ती म्हणाली. "म्या वरडत हुते, उतरू नगा. ऐकलं न्हाय त्यांनी."

फडकं खाली आलंच नव्हतं, हे बांधामागच्या सगळ्यांनी सांगितलं. मुनवरनं तिच्या मुठीतली सुतळी काढून जमादारापुढं धरली. सुतळीला एक गाठ होती.

केशरबाई घरी आली. सासूला सुकडी भरवली. सकिनाबीची चाळण देऊन आली. मग उंबऱ्यावर बसून पदराच्या टोकाची ती जुनी गाठ तिनं दातानं सोडली.