फळा चुकला

बाईंची बदली झाली. पण ते आपल्याला अजून माहीत नाही असं समजू. आत्ता बाई सहावीच्या वर्गात आहेत, हातात खडू आहे आणि त्या मुद्दाम चूक करताहेत.

रोज एक. कधी नदी समुद्रातून डोंगरात जायची, कधी बारा सत्ते ब्याऐंशी व्हायचे. ज्याला चूक सापडेल त्याने उभं राहून "फळा चुकला" म्हणायचं, बाईंच्या हातातून खडू काढून घ्यायचा आणि दुरुस्ती करायची. मग मधल्या सुट्टीपर्यंत खडू त्याचा. "बाई चुकल्या" म्हणायचं नाही, हा नियम. माणसाला चुकलास म्हटलं की ते डूख धरतं. फळ्याचं काय, पुसला की विसरला.

वर्षानुवर्षं मागच्या बाकावर झोपा काढणारे दोघे आता पहिल्या बाकासाठी हातघाईवर येत होते.

घोडं अडलं होतं एका मुलीपाशी. दोन वर्षांत ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. तिची आई म्हणायची, "घरी हिच्या तोंडाचा पट्टा बंद करायला खाऊ द्यावा लागतो, बाई." शाळेच्या फाटकात मात्र पट्टा बंद. वर्ग तिला सायलेंट म्हणायचा. बाई म्हणायच्या, "सायलेंटवरच्या फोनलाही फोन येतात रे. उचलायला वेळ लागतो, एवढंच." चूक सगळ्यांच्या आधी तिलाच सापडते हे बाईंना ठाऊक होतं. सापडली की ती डाव्या कानाची पाळी ओढायची. उठायची मात्र नाही. तोंडी परीक्षेत दोनदा शून्य पडलं होतं. तिसरं पडलं की तिची रवानगी मुक्या मुलांच्या शाळेत होणार होती.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले त्या सकाळी मुख्याध्यापकांनी बाईंना जिन्यातच गाठलं.

"बाई, आज फळा बरोबर राहू दे."

"सर, मुलं वाट बघतात हो."

"एक दिवस! साहेबांना गंमत कळत नाही. त्यांना ती कळवावी लागते, तीही तीन प्रतींत."

बाईंनी धडा बिनचूक लिहिला. वर्ग वेड्यासारखा चूक शोधत बसला. एकाने घड्याळात पाहिलं, एकाने खिडकीबाहेर. मुलांचा बाईंवरचा विश्वास उडायची वेळ आली.

साहेब उठले. "बाई, मुलं बोलत का नाहीत? वर्ग आहे की दवाखान्याबाहेरची रांग? सरका, मी दाखवतो." आणि त्यांनी फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: विध्यार्थी हाच शिक्षणाचा केंद्रबिंदू.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. कानाची पाळी पार लाल झाली होती. मुलगीही बाईंकडेच बघत होती. नुसती मान हलवून तिला बसवून ठेवता आलं असतं.

बाईंची मान हलली नाही.

मुलगी उठली. "साहेब, फळा चुकला."

आवाज खणखणीत होता. दोन वर्षं वापरलाच नव्हता, नवाकोरा. ती फळ्यापाशी गेली, साहेबांच्या बोटांतून खडू काढून घेतला, 'ध्य'ला गोल केला, वर 'द्य' लिहिलं आणि खडू घेऊन जागेवर जाऊन बसली. नियम म्हणजे नियम. वर्गाने टाळ्या वाजवल्या. साहेबांची दोन बोटं बराच वेळ नसलेला खडू धरून होती.

तपासणीच्या तक्त्यात एक रकाना होता: सर्व मुलं बोलतात का? साहेबांनी लिहिलं: होय. शेरा: गरजेपेक्षा जास्त.

मग चौकशी बसली. साहेब चुकल्याची नोंद करायला कागदावर रकानाच नव्हता. मुलीचं म्हणणं शब्दशः टिपून घेण्यात आलं. सबब, फळा सदोष. दोन माणसं आली, भिंतीतले स्क्रू काढले आणि फळा उचलून घेऊन गेली. शिपायाने पोच घेतली. भिंतीवर फळ्याएवढा पांढरा चौकोन राहिला.

पाठोपाठ बाईंचा कागद आला: सदोष फळा वापरून विध्यार्थ्यांमध्ये चुका काढण्याची वृत्ती बळावल्यामुळे बदली. बाईंनी सवयीने पेन्सिल उचलली आणि 'ध्य'ला गोल केला.

"अहो बाई, ऑर्डरवर कशाला लिहिता!" मुख्याध्यापक रडकुंडीला आले.

"बोलली ना पण, सर."

"पण काय बोलली!"

आता तिथे नवे सर आहेत. फळा नाही, म्हणून ते सांगतात आणि मुलं उतरवून घेतात. चुका भरपूर असतात, पण हवेतल्या चुकांना गोल करता येत नाही. मागच्या बाकावरचे दोघे पुन्हा झोपायला लागले आहेत. मुलगी पुन्हा सायलेंटवर गेली आहे. त्या दिवसाचा खडू तिच्या कंपासपेटीत आहे. मधली सुट्टी झाल्यावर तो कुणी परत मागितलाच नाही. परवा तिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि निघून गेली.

मा. साहेब यांस,
विषय: आमच्या बाई परत मिळणेबाबत.
महोदय, त्या दिवशी फळा चुकला नव्हता. आपणही चुकला नव्हतात. चूक माझी होती. यापुढे मी वर्गात बोलणार नाही, अशी लेखी हमी देते. तरी आमच्या बाई व फळा होते तसे परत देण्यात यावेत, ही नम्र विनंती.
आपली आज्ञाधारक विध्यार्थिनी