नीलाबाईचे नऊ मोह

"घेर एकशे ब्याऐंशी," टेप सैल करत दिव्यानी म्हणाली. तिचा मदतनीस रामाजीने मोहाच्या खोडावर लाल रंगाने आकडा घातला. दहा पावलं मागे उभी असलेली नीलाबाई पुढे आली. तिने पिशवीतून चिमूटभर तांदूळ काढून बुंध्याशी ठेवले, खोडाला हात लावून काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहिली.

"या हे काय करतात?" दिव्यानीने हळूच विचारलं.

"देवाचं असन काही. मी आरमोरीचा, मले काय ठाव?" रामाजी म्हणाला. "पण तांदूळ बारीक हाय. आपल्या डब्यातल्यापेक्षा चांगला."

धानोऱ्यापासून बावीस किलोमीटर आत लोखंडाची खाण निघाली होती आणि तिथवर रेल्वे न्यायची होती. चाळीस मीटर रुंदीच्या पट्ट्यातलं प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर मोजायचं, नाव लिहायचं, आकडा घालायचा, हे दिव्यानीचं काम. वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी, घर ब्रह्मपुरीला, खोली धानोऱ्याला. रविवारी कधीकधी तिच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही.

म्हणून असेल, नीलाबाईची तिला सवय झाली. जंगलातले मोह घराघरांत वाटलेले. कुठला कोणाचा हे गावात सगळ्यांना ठाऊक. नीलाबाईच्या वाट्याचे नऊ होते आणि नऊही पट्ट्यात येत होते. दिव्यानी आली की म्हातारी टेंभरं, तेंदूची पिकली फळं, घेऊन हजर व्हायची.

"घरी कोण असतं, बाई?"

"मी एकटीच."

याच्यापुढे ती जायची नाही. स्वतः मात्र रोज एकच विचारायची.

"मॅडम, गाडी इथूनच जाईन ना?"

"सध्या तरी इथूनच."

"पक्कं?"

"कागद वर जातील, मग पक्कं. दुसरा एक रस्ता आहे, खाणीच्या मागून, छत्तीसगडातून."

"म्हणजे इथून नाई जाईन, असंबी होऊ शकते?"

"होऊ शकतं."

नीलाबाई मग मोहांवरच्या लाल आकड्यांकडे बघत राहायची. त्या नजरेतली आशा दिव्यानीला सहन व्हायची नाही.

दुपारी सावलीत दिव्यानी मोबाइलवर एक पुस्तक वाचत असे. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका. रूळ पश्चिमेकडे सरकत गेले, मागोमाग खाणी आल्या, कारखाने आले. गव्यांचे कळप संपले. तिथल्या मूळ लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हुसकावलं. एका पानावर जुना फोटो होता: रुळांच्या कडेला बसलेली एक बाई. खाली इंजिनाचं नाव होतं, तिचं नव्हतं.

"तिकडं झाडं कोणी मोजली, मॅडम?" रामाजीने विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग आपण बरे. आपण मोजून तोडतो."

दिव्यानीने मोबाइलवरून मान वर केली. समोर नीलाबाई नवव्या मोहाला टेकून बसली होती, अगदी त्या फोटोतल्यासारखी.

अहवालात फक्त आकडे द्यायचे होते. दिव्यानीने सोबत चार पानांची टीप जोडली. मोहांची मालकी, झाडांची पूजा, तांदूळ, एकट्या म्हातारीचा आधार, सगळं लिहिलं. खाणीमागच्या मार्गावर झाडं किती विरळ आहेत तेही लिहिलं. साहेबांनी फोन केला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? पुढच्या वर्षीचा करार विसरा." तिने टीप मागे घेतली नाही.

पावसाळा सरता सरता निर्णय झाला. रेल्वे छत्तीसगडातून जाणार होती. या बाजूला एक रूळही पडणार नव्हता.

कराराची मुदत संपायला चार दिवस उरले होते. दिव्यानी बसने आली आणि फाट्यापासून तीन किलोमीटर चिखल तुडवत चालली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगण्यासारखं काही तिच्याजवळ होतं.

नीलाबाई अंगणात होती. घराला लागून नवी खोली उभी राहिली होती. भिंती अजून ओल्या होत्या आणि म्हातारीचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

"बाई, झाडं वाचली! गाडी इथून जाणार नाही."

नीलाबाईने हात धुतले. सावकाश, एकेक बोट चोळून.

"काऊन?"

"मी लिहिलं ना, तुम्ही झाडांची पूजा करता म्हणून. त्यांना वाचवा म्हणून देवाला—"

"पूजा नाई व्हय ते." म्हातारीचा आवाज शांत होता. "झाड तोडाचं असन तर त्याले आधी विचारा लागते. त्याचा होकार येईपर्यंत आपल्या मनातलं कोणाले सांगाचं नाई. म्हणून तुले बोलली नाई. नवाच्या नवाले विचारलं मी. एकबी नाई म्हणलं नाई."

नीलाबाईने ओसरीवरून बटणांचा मोबाइल उचलला, अंगठ्याने एकच बटण बराच वेळ दाबून नंबर लावला आणि मोबाइल दिव्यानीच्या हातात दिला.

"तूच सांग आता. माह्यानं नाई होत."

फोनमध्ये पलीकडे धडधडत गाडी गेली. मग एक माणूस वाऱ्यात ओरडून बोलू लागला.

"आये, मी चंदन! आयकू येते का? आठ वर्सं झाली गुजरातेत रूळ ठोकून राह्यलो, आता बस्स. साहेब म्हणते, तुह्या गावाहून लाइन चालली, बदलीचा अर्ज टाक. सांग ना आये, टाकू?"