खालचा खण

आवाज: बंद

"चौऱ्याण्णव," मुलगी म्हणाली. "एका खिडकीत चौऱ्याण्णव बटणं. कुणाचंही डोकं फिरेल."

बाबा शेजारी बसले होते, नेहमीच्या तपकिरी स्वेटरमध्ये. "मग काढून टाक की अर्धी."

"काढायची नसतात, बाबा. रोजची वर ठेवायची, बाकीची दुमडून आत."

कंपनीत ती हेच काम करायची. लोकांच्या संगणकांवरच्या प्रोग्रॅमांचा पसारा आवरायचा. पाच बटणं समोर, उरलेली एका दाराआड, आणि दाराला कुलूप नाही.

काचेपलीकडे आई टेबल पुसत होती. पुसून झाल्यावर तिने तीन कप मांडले.

"अजूनही तीन," बाबा म्हणाले. "ती ऐकत नाही ना आत्ता?"

"आवाज बंद आहे. बोला तुम्ही."

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडून वर्ष झालं, तरी बोलणं दुकानातलंच राहिलं होतं. "उरलेला स्क्रू फेकायचा नसतो. खालच्या खणात टाकायचा. कधीतरी कुणीतरी नेमका तोच मागायला येतं."

"मग तेच नाव देऊ." मुलगी हसली. दाराआडच्या भागाला तिने नाव दिलं: खालचा खण. काचेवरची अक्षरं आधी उलटी वाटली, मग सवयीने वाचता आली.

आवाज: चालू

आई काचेजवळ आली. "जेवलात का?"

"झालं. तू?" बाबा म्हणाले.

रोज हाच प्रश्न. रोज हेच उत्तर.

"आणि आमची चिमणी? असेल उपाशी. बटणं खाऊन पोट भरत असेल तिचं."

"आवरतेय ना, आई. संध्याकाळपर्यंत पाचच उरतील."

"बघू हं. तुझ्या कपाटासारखं नको. दार लावलं की झालं आवरून."

बाबा खो खो हसले. आईही हसली. मग मध्येच थांबली आणि काचेकडे बघत राहिली, काहीतरी मोजल्यासारखी.

आठवण, शेवटचा दिवस: बंद

आवाज पुन्हा बंद केल्यावर बाबांनी 'शेवटचा दिवस' या ओळीवर बोट ठेवलं. "हे मात्र काढूनच टाक."

गेल्या महिन्यात ते चुकून चालू झालं होतं. आई तीन दिवस एकच विचारत राहिली होती: त्या दिवशी थांबला का नाहीत?

"खणात ठेवते. अगदी तळाशी."

"आणि हे?"

ते यादीतलं शेवटचं बटण होतं. कायमचं पुसा.

"तेही खणात."

"ते नको गं. एखादा दिवस असा येतो की सहन होत नाही. हात जातो. मग?"

"म्हणून तर तीन पायऱ्या ठेवल्यात. प्रत्येक पायरीवर विचारणार, नक्की?"

"आणि तरीही दाबलं तर?"

"तर दाबणाऱ्याला ते हवं होतं. दार लांब न्यायचं, बाबा. भिंत घालायची नाही."

"तिच्याशिवाय मी काय करू?"

काचेपलीकडे आई पाठमोरी उभी होती, धुतलेले कपडे घड्या घालून रचत होती.

"तिचे केस बघ," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी एवढे पांढरे नव्हते. ते थांबवता नाही येत?"

मुलीने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "त्याला बटणच नाही."

हाक: चालू

संध्याकाळी खिडकी तयार झाली. पाच बटणं, भोवती मोकळी जागा. मुलगी स्वतःवरच खूश होती. तेवढ्यात आई आली. तिच्या हातात बॅग होती.

"ती बॅग कुठून आली?" बाबांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. यादीत बॅगेचं काहीच नाही." मुलीने यादी पुन्हा वरपासून चाळली.

आईने बॅग खाली ठेवली, चष्मा लावला. "हं. आता कसं दिसतंय सगळं. शहाणी गं माझी ती." मग जरा वेळाने म्हणाली, "माझी ताई आलीय न्यायला. खाली थांबलीय. पुरे झालं आता, म्हणते."

"अगं," बाबा म्हणाले, "जेवलीस का?"

त्यांनी आधी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. आईने चष्मा नाकावर सरकवला. तिची नजर पाच बटणांवरून खाली सरकत गेली आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर थांबली.

"खालचा खण," तिने वाचलं. "अहो, तीस वर्षं तुमचा तो खण मी आवरला. तुम्हाला वाटायचं, स्क्रू आपले आपण जागेवर जाऊन बसतात."

खालचा खण: उघडा

नक्की?

हो.

नक्की?

हो.

आई उठली. टेबलावरचे दोन कप भरलेलेच होते, वर साय धरलेले. ते तिने बेसिनमध्ये रिकामे केले, विसळले, पालथे घातले. हात पुसत परत आली. पुढचं बटण काही तिला सापडेना.

"आई," मुलगी म्हणाली, "उजवीकडे. जरा खाली."

तिसरी पायरी काचेवर उमटली. आईच्या बाजूने ती सुलट होती. बाबांना आणि मुलीला ती उलटी, एकेक अक्षर लावत वाचावी लागली: नवरा आणि मुलगी. दोघांनाही कायमचं पुसायचं. नक्की?

बटणावर बोट ठेवत आई म्हणाली, "जेवलात का?"

बाबा म्हणाले, "झालं. तू जे