डावा पीळ

मालतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा शालिग्राम जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एक जुनं व्हॅक्यूम क्लीनर पालथं घालून बसला होता.

उभ्या दांड्याचं यंत्र होतं ते. खाली ॲल्युमिनियमचं जड तोंड, तोंडाला पुढे दिवा आणि दांड्याला लटकणारी काळ्या कापडाची पिशवी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विलायतेहून आलेलं. असलीच आणखी तीन यंत्रं खोलीच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभी होती. शालिग्राम पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. रविवार आला की सुरतेतल्या कुठल्या बंगल्याचं सामान विकायला निघालंय, ते बघत फिरायचा. गोडादऱ्यातले शेजारी हसायचे. घरात गालिचा नाही, आणि गालिचा झाडायची चार यंत्रं! बायको पुष्पाबाई आताशा काही बोलतच नसे.

"नानपुऱ्याच्या पारशी बंगल्यातलं मशीन तुमच्याकडे आलंय ना, भाऊ?" मालतीबाईंनी विचारलं. साठीच्या बाई, अंगावर धुऊन धुऊन विटलेलं पण नीट नेसलेलं लुगडं. "मी तिथं कामाला होते. बावीस वर्षं."

शालिग्रामचा पेचकस हातातच थांबला. बाई यंत्र मागायला आल्या, असंच त्याला वाटलं.

"मी ते रीतसर घेतलंय, मावशी. तिथल्या मालकिणीच्या मुलानंच दिलं."

"ठेवा हो तुम्हाला. मी काय करू त्याचं? माझ्या घरी सारवलेली जमीन, ती सगळी ओढून घेईल ते." त्या हसल्या, मग हसू आवरलं. "नुसतं बघायला आले. बाईजी वारल्या तेव्हा मी गावी होते, शिरपूरकडे. परत आले तर बंगल्याला कुलूप. शेजारच्या वॉचमननं तुमचा पत्ता दिला."

पुष्पाबाईनं हातातली भाजी बाजूला सारून पाणी आणलं. "बठ ना माय," ती अहिराणीत म्हणाली.

मालतीबाई टेकल्या. समोर मोकळे पडलेले स्क्रू आणि ब्रश बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खोललं कशाला?"

"ब्रश फिरत नाही." मग शालिग्रामला राहवलं नाही. आपल्या यंत्रांबद्दल कुणी विचारलं की त्याला राहवायचंच नाही. "यात आत एक रबरी पट्टा असतो, मावशी. त्यावर ब्रश फिरतो. इतकं देखणं यंत्र, आणि कुणा अडाण्यानं त्यात स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा घातलेला! आधी तो काढून फेकला. अस्सल पट्टा मुंबईहून मागवलाय, दोन महिने झाले, येतच नाही."

मालतीबाईंनी पाणी संपवलं. भांडं खाली ठेवलं.

"तो अडाणी म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

पुष्पाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पट्टा तुटला तेव्हा बाईजी म्हणाल्या, टाक आता माळ्यावर. मला नाही टाकवलं. धाकट्या शेठच्या स्कूटरची जुनी ट्यूब होती, ती कापून घातली. तर धूळ आत जायच्या ऐवजी बाहेर! सगळी बाईजींच्या अंगावर. मग ध्यानात आलं, पट्ट्याला पीळ द्यावा लागतो, तो मी उलटा दिला होता. डावीकडे द्यायचा. त्यावर पुढं अकरा वर्षं चाललं."

यंत्र कुठल्या साली बनलं, कुठल्या कारखान्यात, मोटार किती ताकदीची, हे सगळं शालिग्रामला तोंडपाठ होतं. अख्ख्या सुरतेत ह्या वस्तूंची कदर आपल्या एकट्यालाच, असं तो मनाशी धरून चालला होता. तो उठला, अनवाणीच कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला आणि स्कूटरची जुनी ट्यूब घेऊन आला.

मालतीबाईंनी मोजमाप केलं नाही. ट्यूबवर अंगठा टेकवला आणि त्याच्या रुंदीएवढं कडं कापलं. "हं, बसवा."

तो पट्टा बसवू लागला. हात सवयीनं उजवीकडे वळला.

"अंहं."

त्यानं डावीकडे पीळ दिला.

बटण दाबताच यंत्र घुमलं. दिवा लागला, पिशवी टम्म फुगली, ब्रश गरगरू लागला. त्या आवाजात एक बारीक शीळ होती. शालिग्राम कान देऊन ऐकू लागला, तशा मालतीबाई म्हणाल्या, "ती शीळ असू द्या. ती मंदावली की समजायचं, पिशवी भरली."

शालिग्रामनं दांडा त्यांच्यापुढे धरला. "चालवा ना, मावशी."

आजवर त्यानं पुष्पाबाईलाही कुठल्या यंत्राला हात लावू दिला नव्हता. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ट्रंकेतली पाहुण्यांसाठीची सतरंजी काढून खोलीच्या मधोमध अंथरली.

मालतीबाईंनी पदर खोचला. वायरचा वेढा डाव्या मनगटावर घेतला. वाकलेली पाठ सरळ झाली. यंत्र पुढे गेलं, मागे आलं, अर्ध्या तोंडाएवढं बाजूला सरकून पुन्हा पुढे गेलं. कुठं घाई नाही, कुठं धक्का नाही. शालिग्राम बघत राहिला. त्यानं ही यंत्रं पुसली होती, त्यांना तेल घातलं होतं, मोटारीचा आवाज ऐकायला मिनिटभर चालवलीही होती. पण काम करताना एकही पाहिलं नव्हतं.

सतरंजीच्या एका बाजूला मात्र यंत्र दर वेळी अर्धगोल वळायचं आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ व्हायचं.

"तठे काय शे, मावशी?" पुष्पाबाईनं विचारलं. "तठे तर काहीच नही."

"तठे बाईजीनी खुर्ची शे," मालतीबाई हात न थांबवता म्हणाल्या.

पुष्पाबाई चहा ठेवायला उठली. स्टोव्ह अगदी समोर होता. ती खुर्चीच्या त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेली.