हलकं अँटिव्हायरस

"हे असलं कोण वापरतं, वहिनी?" अल्पेशने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या चिन्हावर बोट आपटलं. "मी नावसुद्धा ऐकलेलं नाही."

मृणाली झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत होती. "हलकं आहे, भावजी. इथल्या नेटला झेपतं. चार वेगवेगळी आठवडा आठवडा वापरून बघितली, मग हे ठेवलं."

"चार बघून घ्यायला हा काय बाजारातला पांढरा कांदा आहे?" तो हसला. ती हातातले कागद ठेवून येईपर्यंत त्याने ते अँटिव्हायरस काढूनही टाकलं.

अल्पेश तिचा धाकटा दीर. वाशीला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करायचा. शनिवारचा गावी आला होता आणि वेळ जात नाही म्हणून घराच्या पडवीतल्या तिच्या दुकानात येऊन बसला होता. खाडीकाठच्या त्या गावात ऑनलाइन अर्ज भरून देणारं तेवढं एकच दुकान. रस्ता खणताना केबल तुटली त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून सगळं नेट खिडकीच्या गजाला बांधलेल्या एका मोबाइलवर चालायचं, कारण पलीकडच्या काठावरच्या टॉवरची रेंज तिथेच काय ती मिळायची.

अल्पेशने आपल्या कंपनीतलं अँटिव्हायरस उतरवायला लावलं. सातशे एमबी. स्क्रीनवर निळी पट्टी सरकू लागली.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "आमच्याकडे दहा सेकंद लागतात."

दीड तासाने पट्टी अर्ध्यावरही आली नव्हती, तेव्हा फिरोजाचाची पायऱ्या चढून आली. मागे तिची मुलगी आफिया, मुठीत पेनड्राइव्ह. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत आज दुपारी एकपर्यंत, आणि शेवटचा दाखला हातात पडला होता काल संध्याकाळी. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मृणालीने अर्जाचं पान उघडायला घेतलं. चक्र फिरत राहिलं, पान काही येईना.

"साइटच भंगार असणार," अल्पेश म्हणाला.

"साइट नाही. तुमची पट्टी सगळं नेट खातेय. थांबवा ती."

"असं मध्येच थांबवायचं नसतं, वहिनी. मशीन उघडं पडतं." मग तो चाचीकडे वळला. "उद्या भरा की. मुदत वाढवून देतात हे लोक."

"आणि नाही वाढवली तर?" आफियाने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी." त्याने आपल्या मोबाइलमधून मान वर केली नाही.

"गेल्या साली याच दाखल्यापायी राहिलं, बेटा," चाची म्हणाली. "हिच्या बरोबरीच्या पोरी पनवेलला वॉर्डात उभ्या राहतात. ही घरात बसून कोळंबी सोलते."

अल्पेशचा अंगठा मोबाइलवर फिरत राहिला. बहुधा त्याने ऐकलंच नव्हतं.

मृणाली खिडकीशी गेली आणि तिने मोबाइलवरचं हॉटस्पॉट बंद केलं. पट्टी जागच्या जागी थांबली.

"अहो वहिनी!"

"उठा, भावजी."

तो उठला. ती खुर्चीत बसली आणि तिने अर्धवट चढलेलं ते भारी अँटिव्हायरस काढायला घेतलं. काढण्याचं कारण सांगा, असं स्क्रीनवर आलं. तिने सांगितलं नाही.

"आता मशीनवर काहीच नाही," अल्पेश भिंतीला टेकून म्हणाला. "तसाच लावणार पेनड्राइव्ह? शाब्बास."

मृणालीने टेबलाच्या खणातून आपला पेनड्राइव्ह काढला. दर गुरुवारी स्टँपपेपर आणायला अलिबागला गेली की ती तिथल्या मैत्रिणीच्या दुकानातून ते हलकं अँटिव्हायरस ताज्या अपडेटसकट त्यात भरून आणायची. ते चढवायला नेट लागत नव्हतं. वेळ मात्र लागत होता. आठ मिनिटं ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आफिया घड्याळाकडे बघत होती. चाचीचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

मग मृणालीने आफियाचा पेनड्राइव्ह लावला. लगेच स्क्रीनवर लाल चौकट आली. दोन व्हायरस सापडले, दोन्ही काढले. दाखले शाबूत होते.

"उगाच दाखवतात असं," अल्पेश म्हणाला. कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

हॉटस्पॉट पुन्हा सुरू झालं. अर्जाचं पान आलं, हळूहळू, वरून खाली. मृणालीने माहिती भरली आणि एकेक दाखला चढवायला घेतला. तिसरा अडकला. तिने फाइल लहान केली आणि पुन्हा पाठवली. बारा त्रेपन्नला अर्जाचा क्रमांक आला. आफियाने तो आधी तळहातावर लिहून घेतला आणि मग कागदावर.

मायलेकी गेल्या. पावतीची दुसरी प्रत मशीनमधून बाहेर येत होती. अल्पेश अजून भिंतीपाशीच होता.

"या वेळी निभावलं, वहिनी. पण असलं गावठी काहीतरी वापरून एक दिवस सगळं उडेल तुमचं. तेव्हा मला फोन करू नका."

"केला होता की," मृणालीने प्रत हातात घेत म्हटलं. "मार्चमध्ये उडालं तेव्हा, हे हलकं घेण्याआधी. लोकांचे दाखले, फोटो, सगळं गेलं. तीनदा केला. दोनदा नुसता वाजला."

"इथल्या रेंजचं काय सांगावं—"

"तिसऱ्यांदा तुम्ही कट केलात, भावजी. त्या दिवशी रेंज चांगली होती."