काठीच्या टोकाचं रबर

सर दारात उभे होते. शुक्रवार होता आणि त्यांना नेहमीप्रमाणे ती आधाराची काठी घरी न्यायची होती. तिनं ती दिली. पण या वेळी काठीच्या टोकाचं रबर तिनं गुपचूप बदललं होतं. स्वतः तयार केलेलं काढून दुकानात मिळतं ते साधं काळं रबर चढवलं होतं. दोन्ही रबरं दिसायला जुळ्या बहिणी. घ्या म्हणावं आता, करा खुशाल नक्कल.

सगळी करामत त्या रबरातच होती. ओल्या फरशीवरही काठी हलू देणार नाही असं मिश्रण तिनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खपून खपून जमवलं होतं. शिकता शिकताच त्यावर तिची स्वतःची कंपनी उभी राहणार होती. त्यासाठी सरांनी काय केलं नाही? प्रयोगशाळेची किल्ली दिली, रबराचा साचा करून घेतला, एका कारखानदाराला तिच्यासमोर आणून बसवलं. तिनं कंपनीत वाटा देऊ केला, तर नको म्हणाले. तिथेच तिच्या मामाच्या भुवया वर गेल्या.

मामाचं गॅरेज त्याच्या भागीदारानं गिळलेलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस, तो ताकही फुंकूनच पिणार. वाटा नको म्हणणाऱ्याला सगळंच हवं असतं, असं त्याचं म्हणणं. तिनं आधी ते हसण्यावारी नेलं. मग मात्र एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. सर दर शुक्रवारी काठी घरी का नेतात? विचारलं की ‘बघतो जरा’ म्हणून विषय बदलतात. सोमवारी काठी स्वच्छ धुतलेली कशी येते? एकदा तर सर काचेपलीकडे ते रबर अंगठ्यानं चोळताना दिसले. मग मोबाईलवर त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आणि वाईटही वाटलं, कारण सर तिला मनापासून आवडायचे.

सोमवारी सर आलेच नाहीत. मंगळवारी आले, पण काठी नव्हती. ती तडक त्यांच्या खोलीकडे निघाली. काय काय सुनावायचं ते जिन्यातच पाठ करून ठेवलं.

सरांची दाढी वाढली होती. डोळे लाल झाले होते. काठी घरीच राहिली, असं म्हणाले आणि मग आजवर न सांगितलेलं सांगायला लागले. ती काठी त्यांची आई वापरत होती. शनिवार-रविवार सर घरी असत, तेव्हा ओल्या न्हाणीघरात त्यांच्या देखत चालून बघायची. रबर कुठे झिजतंय त्याचे फोटो सर काढून ठेवत, कारखानदाराला दाखवायला. पण बाहेर ब्र काढायचा नाही, अशी म्हातारीची ताकीद होती. आपल्याला काठी लागते हे चारचौघांना कळलेलं तिला खपत नसे. हळूहळू तिचा काठीवर भरवसा बसला. इतका, की या रविवारी मुलाला हाक न मारता एकटीच आत गेली. आणि पडली. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन आहे.

रबर मी बदललं होतं, एवढंच तिला सरांना सांगायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि अडकलं.

सरांनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तेच तिची समजूत घालायला लागले.

“अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? मी आईला विचारलं, रबर सटकलं का म्हणून. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, त्या पोरीच्या रबराला नावं ठेवू नकोस, माझाच पाय चुकला असणार.”