बरणीला बांधलेली

"तिला मोकळं सोडलंत आणि मला दावणीला बांधलंत! बोला, माझा गुन्हा काय?"

थोरल्या सुनेने सासूबाईंना फाडकन सुनावलं. पण मनातल्या मनात. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "आई, जरा सरकता का? पीठ सांडेल."

वर्षाचा शेवटचा दिवस होता. बेकरीची भट्टी दुपारीच विझवली होती. पीठ मळायच्या टेबलाभोवती सगळं घर गोळा झालं होतं, कारण धाकट्या सुनेला आपलं वर्ष दाखवायचं होतं. तिने टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि एकेक फोटो सरकवायला लागली. डोंगर. समुद्र. पोहण्याच्या शर्यतीतलं पदक, तेही गळ्यात. व्हायोलिनचा क्लास.

"ही मी घोड्यावर. घोडा बघा कसला वैतागलाय!"

"शहाणा दिसतोय घोडा," थोरली म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने धाकटीच हसली, आणि थोरलीचा आणखीच जळफळाट झाला. हिला टोचतसुद्धा नाही! कातडीच नाही हिला, की कातडीच कातडी आहे?

थोरलीचं अख्खं वर्ष तिच्यासमोर टेबलावर होतं. एका चिनी मातीच्या बरणीत. बरणीत खमीर होतं, पाव फुगवणारं जितं पीठ. पणजीच्या काळापासून चालत आलेलं. थोरली घरात आली त्या दिवशी सासूबाईंनी चारचौघांत ती बरणी तिच्या हातात दिली होती. मान थोरल्या सुनेचा. सकाळ-संध्याकाळ थोडं काढून टाकायचं, मूठभर नवं पीठ घालायचं, कोमट पाणी घालायचं. एक वेळ चुकली तर मरतं. दुसऱ्याचा हात लागला तर मरतं. घराबाहेर मुक्काम म्हणून करायचा नाही. खमीर मेलं की बेकरी गेली, बेकरी गेली की घर गेलं.

कैक वर्षं थोरली या मानाने फुगून चालली. मग धाकटी आली. तिला मान नव्हता. म्हणून ती भटकत सुटली.

या वर्षी थोरलीच्या लेकीला पदवी मिळाली. समारंभ परगावी, एक मुक्काम पडणार होता. थोरली गेली नाही. रात्री लेकीचा फोन आला. रडणं नाही, चिडणं नाही. लेकीने फक्त विचारलं, "आई, बरणी बरी आहे ना?"

तो प्रश्न अजून थोरलीच्या कानात होता. आणि त्या समारंभाचा फोटो होता कुणाकडे? धाकटीकडे. लेकीच्या शेजारी, खांद्यावर हात टाकून, सगळे दात दाखवत. मघाशी तो फोटो आला तेव्हा थोरलीने मूठभर पीठ बरणीत असं आपटलं की निम्मं बाहेर उडालं.

"आणि ही डोंगरातली खोली," धाकटी म्हणाली. "सकाळचा उजेड काय सुंदर होता बघा."

थोरलीने उजेड पाहिलाच नाही. खिडकीत एक काचेची बाटली होती. आत बुडबुडे. कडेने वर चढलेली जाळी. ती जाळी तिने झोपेतही ओळखली असती.

"ते काय आहे?"

धाकटीने जीभ चावली. "ताई, चिडू नका हं. तुम्ही रोज काढून टाकता ना, त्यातलंच चमचाभर नेलं होतं. वर्षभर माझ्याबरोबर फिरतंय. जाईन तिथे पाव करते. छंदच लागलाय."

"मेलं नाही?"

"छे! डोंगरात तर आठवडाभर पिशवीतच विसरले होते. वर काळं पाणी आलं होतं. ओतून दिलं, पीठ घातलं, दुसऱ्या दिवशी बाटलीबाहेर! जरा आंबट झालं होतं, बाकी काही नाही."

थोरलीचा पिठाने माखलेला हात तसाच हवेत राहिला. म्हणजे ती धाकटीवर उगीच जळत होती. जळायचं तर या बाटलीवर. चमचाभर टाकाऊ पिठाने समुद्र पाहिला होता. तिच्या लेकीच्या समारंभालासुद्धा हेच मुक्कामाला गेलं असणार!

आता मात्र मनातल्या मनात नाही. ती सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

सासूबाईंना ऐकूच गेलं नाही. त्यांनी टॅबलेट उचलून डोळ्यांजवळ नेला होता. बोट लागून फोटो सरकला तशा त्या खेकसल्या, "मागे घे! ती बाटली दाखव." धाकटीने घाबरून फोटो मागे घेतला. सासूबाईंनी तो पुन्हा पाहिला. मग टॅबलेट टेबलावर ठेवला आणि हळूहळू उठून भट्टीपाशी गेल्या.

भट्टीच्या वर भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या सासूचा फोटो होता. धुराने काळवंडलेला. मांडीवर हीच बरणी.

"काय हो सासूबाई," त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज त्या घरात कुणीच कधी ऐकला नव्हता. "माझी आई तिकडे दोन दिवसांच्या वाटेवर माझं नाव घेत पडली होती. मी पिशवी भरून दारात उभी होते. तुम्ही ही बरणी आणून माझ्या हातात दिलीत. मी गेले नाही. गेले असते तर काय मेलं असतं? बोला!"